अक्काच्या मापाचा तलाव

एखाद्या घराच्या अंगणात पाण्याने भरलेल्या पसरट पराती मांडून ठेवलेल्या दिसल्या, की तिथे बाईंचं काम सुरू झालं असं समजावं. एक परात झाडाखाली, एक भिंतीलगत, एक अगदी उघड्यावर, एक कुंपणाच्या कोपऱ्यात. शेजारच्यांना वाटतं, पाखरांची सोय केली आहे. बाई संध्याकाळी येतात, प्रत्येक परातीत बोट बुडवतात, पट्टी उभी धरून पाणी किती उतरलं ते पाहतात, कुठल्या परातीत पाला पडला आणि कुठल्या परातीत धूळ बसली ते पाहतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा उद्योग आटोपेपर्यंत त्या कागदावर एक रेघ ओढत नाहीत.

बाई घरोघरच्या अंगणात पोहण्याचे तलाव बांधून देतात. वडील पाण्याचे हौद बांधायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडताना बाईंच्या कानावर एकच गोष्ट सतत पडायची: आपण बांधणार तिथे पाणी आधीपासून आहे का, ते पहिल्यांदा विचार. पुढे त्या इंजिनिअर झाल्या आणि हॉटेलांचे तलाव बांधणाऱ्या एका बड्या कंपनीत लागल्या. तिथे नकाशा एकच असायचा. डोंगरावर तोच, समुद्रकाठी तोच, जिथे झाडाचं पान हलत नाही तिथेही तोच. पाणी थंड पडलं तर हीटर मोठा बसवायचा, आटलं तर नळ मोठा जोडायचा. बाई कंटाळल्या आणि नोकरी सोडली. हॉटेलात पाहुणे बदलतात, त्यामुळे चूक खपून जाते, घरात तीच माणसं रोज त्या चुकीकडे बघत चहा पितात, असं त्या सांगतात.

त्यांच्या गावची हवा तशी लहरी आहे. ऊन कडक, पण रात्री उन्हाळ्यातही गारठा. दुपार कलली की उताराकडून वारा सुटतो आणि दिवे लागेपर्यंत थांबत नाही. पाऊस मोजकाच, पण येतो तो धो धो. अशा हवेत उघड्यावरचं पाणी दिवसा उडून जातं आणि रात्री बर्फासारखं गार पडतं. लोक हौसेने तलाव बांधतात, चार सुट्ट्या पोहतात आणि मग त्यात बेडूक पोहतात. बाईंनी बांधलेल्या तलावांत बेडूक पोहत नाहीत, एवढी त्यांची ख्याती आहे आणि ती त्यांना पुरते.

साइटवर त्यांना सगळे बाई म्हणतात. घरात मात्र पन्नाशी उलटली तरी त्या छोटीच. एक नियम त्यांनी नोकरी सोडल्यापासून पाळला होता: नातेवाइकांचं काम घ्यायचं नाही. "परक्याला नको म्हणता येतं," त्या म्हणायच्या, "घरच्यांना नको म्हटलं की ते जेवायला थांबवून घेतात."

हा नियम त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, नवऱ्याने, भाऊजींनी, एका सकाळी फोन करून मोडला.

"छोटी, ताबडतोब ये. तुझ्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी फुकटात केली आहे."

"काय केलंत?"

"पाणी! तलाव भरलासुद्धा!"

त्या गेल्या. भाऊजी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. पाटीवर जे चांगलं दिसतं ते जगात चांगलंच असतं, अशी त्यांची साधी समजूत. दिवाणखान्यात त्यांनी एक भलीमोठी फळी टेकवून ठेवली होती. तिच्यावर निळाशार, काजूच्या आकाराचा तलाव, त्यात कोसळणारा छोटा धबधबा आणि काठावर छत्रीखाली एक बाई. तिच्या हातात सरबत. ती दिसायला कुणासारखीच नव्हती, पण लुगड्याचा रंग अक्काच्या आवडीचा होता.

मागच्या अंगणात, उताराच्या तळाशी, मोठ्या झाडाखाली त्यांनी यंत्र बोलावून तसाच काजू खणून घेतला होता. बायकोला चकित करायचं म्हणून आदल्या दिवशी तिला एका मैत्रिणीकडे दिवसभर पाठवलं होतं. रात्रीतून खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलं होतं, गढूळ, चहाच्या रंगाचं. भाऊजी काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"झरा लागला," ते म्हणाले.

"भाऊजी, ही विहीर आहे."

"मग चांगलंच की."

"विहिरीत तलाव बांधत नाहीत. सगळ्या गल्लीचं पाणी जमिनीखालून इथे उतरतं. तुम्ही इथे सिमेंटची पेटी बसवलीत, ती भरलेली आहे तोवर ठीक. एकदा धुवायला रिकामी केलीत की खालचं पाणी तिला उचलणार. नावेसारखी वर येईल."

"सिमेंटची पेटी? वर?"

"एका टोकाने. काजू असा वाकडा होऊन अंगणात बसेल. मी पाहिलेलं आहे."

भाऊजींनी खड्ड्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग मेव्हणीकडे. "तू लहानपणापासून अशीच," ते म्हणाले. "कुणाच्या आनंदात माती कालवायची म्हणजे तुला चेव येतो."

"माती तुम्हीच काढून ठेवली आहेत. मी फक्त परत घालायला सांगते आहे."

अक्का तेवढ्यात मागच्या दारात आल्या. वॉकरचे पुढचे दोन पाय त्यांनी पायरीच्या कडेला टेकवले, खालचं गवत पाहिलं, उतार पाहिला, लांब झाडाखालचा मातीचा ढीग पाहिला आणि आत वळल्या. बाईंनी ते पाहिलं. त्या क्षणी, त्या सांगतात, पाणी लागलं नसतं तरी ती जागा बाद झाली होती. कारण हा तलाव ज्या माणसासाठी हवा होता त्या माणसाला तिथवर जाता येत नव्हतं.

तलाव हौसेचा नव्हता. अक्का पडल्या होत्या. शाळेचे गणवेश शिवण्याचं त्यांचं दुकान. दिवसभर उभं राहून कापड बेतणारी, मुलांच्या रांगाच्या रांगा टेपने मापणारी बाई. दुकानाच्याच पायरीवरून पाय घसरला. एक खुबा बदलला, दुसरा आधीच झिजलेला. इस्पितळातल्या व्यायामाच्या तलावात त्या वॉकरशिवाय चालल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परतही आल्या. तो उपचार ठरल्याप्रमाणे संपला. बाहेर पडताना व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने स्पष्ट सांगितलं: रोज पाण्यात चालायला मिळालं तर वॉकर सुटेल. नाही मिळालं तर त्याची सवय होईल, आणि सवय झाली की तो कायमचा. गावच्या तलावाला उभी लोखंडी शिडी होती. अक्का एकदा जाऊन ती बघून आल्या. घरी परत आल्यावर त्यांनी दुकानाच्या किल्ल्या कामावरच्या बाईकडे दिल्या आणि खिडकीतल्या उंच खुर्चीवर बसून राहायला लागल्या. भाऊजींनी यंत्र बोलावलं ते यामुळे.

बाईंनी पराती मांडल्या. झाडाखालची परात पाल्याने भरायची आणि पाणी दिवसभर गार राहायचं. उघड्यावरच्या परातीतलं पाणी वारा पिऊन टाकायचा. सगळ्यात बरी निघाली ती घराच्या बाजूची चिंचोळी पट्टी, अक्कांच्या खोलीच्या दारासमोरची, जिथे आजवर जुने रंगाचे डबे आणि शिडी पडून होती. सकाळपासून त्या भिंतीवर ऊन, आणि संध्याकाळी भिंतीला पाठ लावली तर शेक घ्यावा तशी ऊब. जमीन कोरडी. दारापासून अंतर चार पावलं, तेही सपाट.

"ती गल्ली?" भाऊजी म्हणाले. "तिथे तर सायकल वळत नाही."

"अक्काला वळायचं आहे. सायकलला नाही."

"आणि धबधबा?"

"भाऊजी, धबधब्याने पाणी गार पडतं आणि उडून जातं. तुम्हाला आवाजच हवा असेल तर नळ सोडून ठेवा."

"काजू तरी?"

"काजूत सरळ चालता येतं का?"

पण भाऊजींनी फळी काही दिवाणखान्यातून हलवली नाही.

बाईंनी नकाशा काढला. लांबट, अरुंद, छातीएवढ्या पाण्याचा तलाव. एका टोकाला रुंद, उथळ पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे. नकाशा चोख होता. अशा पायऱ्या त्यांनी कितीतरी घरांत केल्या होत्या आणि कुणाची तक्रार आली नव्हती. त्यांनी कागद अक्कांच्या पुढ्यात पसरला.

अक्कांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "या पायऱ्या मी उतरेन असं तुला वाटतं?"

"कठडे आहेत दोन्हीकडे."

"मागच्या दाराच्या पायरीलाही आहे कठडा. चल, दाखवते."

त्या दारापर्यंत गेल्या, कठडा धरला, पाय उचलला आणि तो हवेतच राहिला. भाऊजींनी सवयीने पुढे होऊन काखेत हात घातला. पायरी उतरून झाली.

"बघितलंस?" अक्का म्हणाल्या. "इस्पितळात मला झोळीत घालून पाण्यात सोडायचे. पाण्यात चालायला मिळतं म्हणून सहन केलं. वर काढताना चार माणसं बघत असायची. घरी मला कुणी पोत्यासारखं उतरवायचं नाही. यांनीही नाही."

"अगं, मी काय परका आहे?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही रोज उतरवाल. मग एक दिवस तुमची कंबर धरेल, तुम्ही म्हणाल आज राहू दे, आणि मी म्हणेन बरं. तिथेच संपलं." मग बहिणीकडे वळून: "हात लागणार असेल तर तलाव नको. तू खर्चात पडू नकोस, यांना मी समजावते."

बाई नकाशा गुंडाळून घरी गेल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या हरल्या वगैरे नव्हत्या, फक्त चुकीच्या टोकाकडून निघाल्या होत्या. पायऱ्या म्हणजे उतरणं, आणि उतरणं म्हणजे एका पायावर सगळा भार. अक्कांना एका पायावर भार देता येत नाही. पण त्यांना बसता येतं, आणि बसल्या जागी वळता येतं. आणि भिंतीच्या पायाजवळ खोल खणायचं नसल्याने तलाव अर्धा जमिनीच्या वर उचलावाच लागणार होता. म्हणजे त्याला कट्टा येणारच होता. मग कट्ट्यावर बसायचं, पाय उचलून आत घ्यायचे, आतल्या बाजूला पाण्याखाली एक बैठक, तिच्याखाली आणखी एक, आणि मग तळ; बाजूला धरायला एक कठडा. एकदा कमरेपर्यंत पाणी आलं की वजन पाणी उचलतं.

दुसऱ्या दिवशी त्या हे सांगायला गेल्या. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो शिंपिणीचा.

"ट्रायल कधी?"

"कसली ट्रायल?"

"मी कुणाला ट्रायलशिवाय कपडा दिलेला नाही. तू मला सिमेंटचा देणार आहेस, तो उसवता येत नाही."

म्हणून दिवाणखान्यात विटा आल्या. गालिचा गुंडाळला गेला, भाऊजींच्या फळीसमोरची जागा मोकळी झाली आणि बाईंनी पुस्तकात दिलेल्या उंचीचा कट्टा विटांवर पाट ठेवून उभा केला. ही उंची चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी ठरलेली आहे आणि जगभर चालते. अक्का वॉकर धरून मागे सरकल्या, बसल्या आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"खाली आहे."

"अक्का, ही नियमातली उंची आहे."

"नियमाचा खुबा बदलला आहे का? माझा बदलला आहे. गुडघा खुब्याच्या वर गेला की मला उठता येत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं आहे. माझी ही खुर्ची उगाच उंच केली आहे का?"

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची त्यांनी इतक्या वेळा पाहिली होती आणि तिच्या पायांखालचे लाकडी ठोकळे पाहिले नव्हते. त्यांनी टेप काढली. अक्कांनी ती त्यांच्या हातातून घेतली.

"दे इकडे. माप मी घेते."

खुर्चीचं माप घेतलं गेलं, पलंगाचं घेतलं गेलं. विटांचा एक थर वाढला. अक्का बसल्या, पाय उचलून पलीकडे घेऊ लागल्या तर टाच पाटाच्या कडेला अडली. "रुंदी कमी. बूड मावलं पण वळायला जागा नाही." दुसरा पाट जोडला. मग फार रुंद झाला, पलीकडे पाय लोंबतच राहिले. भाऊजी विटा उचलून उचलून घामाघूम झाले.

"मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या," ते म्हणाले, "एकाही दुकानदाराने असं नाचवलं नाही."

"दुकानदारांना पाटीत उतरायचं नव्हतं," अक्का म्हणाल्या. "तो डावीकडचा थर काढा. अर्धी वीट. अर्धी म्हटलं मी!"

शेवटी एक मांडणी जमली. अक्का बसल्या, दोन्ही तळवे पाटावर रोवले, एक पाय, मग दुसरा पाय पलीकडे गेला आणि त्या दिवाणखान्याच्या मधोमध विटांच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या. कुणाचाही हात लागला नव्हता. त्यांनी बोटाने पाटाची कड चाचपली. मग म्हणाल्या, "शिवणीची दोन बोटं कमी धर. फरशी लागल्यावर उंची वाढेल ना?"

"वाढेल. ती धरली आहे," बाई म्हणाल्या.

काम उभं राहिलं ते वेळेत. मागचा काजू मोठ्या दगडांनी भरून टाकला आणि वर बारीक खडी पसरली. पावसाचं पाणी आता तिथे मुरतं, ती जागा त्याचीच होती. तलावाच्या आतल्या फरशीचा रंग बाईंनी गडद निवडला, ऊन धरणारा. भाऊजींना निळा हवा होता. "निळं पाणी बघायला," बाई म्हणाल्या, "गडद पाणी चालायला." रात्री ओढून घ्यायचं तरंगतं आवरण आलं, म्हणजे दिवसाची ऊब रात्री उडून जात नाही आणि पाणीही नाही. अक्कांना ते एका हाताने गुंडाळता यावं म्हणून त्याच्या रुळाला सायकलच्या पेडलसारखा दांडा बसवला.

वारा राहिला, आणि शेजारचा वरचा मजला राहिला. तिथल्या गॅलरीतून ही पट्टी सरळ दिसायची. भाऊजींनी उंच पक्की भिंत सुचवली. पक्क्या भिंतीवर आपटलेला वारा वरून उडी मारून आत कोसळतो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी लाकडी पट्ट्यांचा पडदा उभा केला, पट्ट्या तिरक्या आणि मध्ये फटी ठेवलेल्या. वारा त्यातून गाळून येतो, नजर येत नाही. अक्कांनी स्वतः गॅलरीत माणूस उभा करून खात्री केली. तो माणूस अर्थात भाऊजी. ते वरून ओरडून सांगत होते, "दिसत नाहीस! अजिबात दिसत नाहीस! आता खाली येऊ का?"

पाणी भरलं, दोन दिवस उन्हात तापलं. तिसऱ्या दिवशी सकाळचं ऊन भिंतीवर चांगलं चढल्यावर अक्का खोलीच्या दारात आल्या. अंगावर स्वतः शिवलेला पोहण्याचा पोशाख, गुडघ्याखाली येणारा, वर लांब बाह्या. कट्ट्याजवळ थांबून त्यांनी दोघांकडे पाहिलं.

"आता जा."

"पहिल्या वेळी कुणीतरी जवळ हवं," बाई म्हणाल्या. या बाबतीत त्या ऐकत नाहीत. कितीही मोठं गिऱ्हाईक असलं तरी नाही.

"ट्रायल झाली आहे."

"ती कोरडी झाली. ओली फरशी वेगळी. मी पडद्याच्या पलीकडे थांबते, पाठ करून. हाक मारलीस तरच येईन."

अक्कांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांचीही पाठ."

"मी तर आयुष्यभर तू सांगशील तिकडेच तोंड केलं आहे," भाऊजी म्हणाले आणि गेले.

दोघं पडद्याच्या बाहेर उभे राहिले. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. कापड घासल्याचा. मग काहीच नाही. भाऊजींनी मान वळवायला घेतली, बाईंनी त्यांचं कोपर धरलं. आतून एक दबकं "आई गं" आलं. बाईंचा पाय उचलला गेला होता, एवढ्यात पाणी हललं, एकदा, जोरात, आणि मग बारीक बारीक, एका लयीत. ती लय पट्टीच्या लांबीभर गेली, थांबली आणि परत आली.

"या," आतून आवाज आला. "आणि छोटी, त्या टोकाला पाणी गार लागतंय."

बाई आत गेल्या. अक्का छातीएवढ्या पाण्यात मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात मोकळे. बाईंनी लांबच्या टोकाला हात घातला. पाणी खरंच गार होतं. पंपातून येणाऱ्या पाण्याचं तोंड भिंतीकडे वळलं होतं. त्यांनी बाही वर करून ते तिरकं फिरवलं. तेवढ्या वेळात अक्कांनी आणखी एक फेरी मारली. भाऊजी काठावर उभे राहून फेऱ्या मोजत होते.

बाहेर येणं आत जाण्यापेक्षा अवघड असतं. बाईंनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. अक्का पाठमोऱ्या होऊन खालच्या बैठकीवर बसल्या, मग वरच्या. कट्ट्यावर येताना कठड्यावरून हात सटकला आणि त्या पुन्हा खाली बसल्या. भाऊजी पुढे झाले. अक्कांनी नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा त्यांनी कठडा जरा खालून धरला, दम घेतला आणि कट्ट्यावर आल्या. पाय एक एक करून बाहेर घेतले. पाणी निथळत होतं.

भाऊजींनी वॉकर पुढे सरकवला.

"तो घेते. आधी टॉवेल द्या," अक्का म्हणाल्या. तोंड पुसून झाल्यावर त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि वॉकर धरून उठल्या. "कठडा दोन बोटं खाली घे गं, तिथे हात सटकतो. आणि उद्यापासून सकाळी या दाराशी कुणी यायचं नाही. माझं झालं की मी सांगेन."